चुन्याची निवळी

मेक्सिकोला जाणाऱ्याने काय पाहावं, याच्या याद्या आपल्याला आधीच पाठ असतात. पिरॅमिड, फ्रीदा काहलोचं निळं घर, मृतांचा दिवस, मेस्काल. त्या याद्यांत चुना कुठेच नसतो. मी मात्र वाहाका प्रांतात पोहोचल्यापासून परतीच्या विमानात बसेपर्यंत तो देश चुन्याच्या अंगाने पाहत राहिले. त्याला कारण झाला त्लाकोलुलाचा रविवारचा बाजार.

वाहाका शहरापासून पूर्वेला बसने तासाभरात त्लाकोलुला येतं. रविवारी आसपासच्या डोंगरांतून सापोतेक बाया माल घेऊन उतरतात आणि देवळाभोवतीच्या गल्ल्यांना पाय ठेवायला जागा उरत नाही. कुणाच्या काखेत जिवंत टर्की, कुणाच्या टोपलीत लसूण-मिरची लावून परतलेले नाकतोडे. नाकतोड्यांपुढे मी थोडी रेंगाळले आणि एक तोंडात टाकला. कुरकुरीत आणि आंबट लागला. दुसरा मागावासा मात्र वाटला नाही. पुढे मक्याची पोती होती. पांढरा, पिवळा, गडद निळा, वाळलेल्या रक्तासारखा लाल. आणि पोत्यांच्या शेजारी एक आजी जमिनीवर फडकं अंथरून पांढरे खडे विकत बसलेली. मुठीएवढे, भुरभुरीत, बोटाला पांढरं लावणारे. कळीचा चुना!

बाजारात चुना दिसला की मराठी माणसाच्या मनात पहिल्यांदा तंबाखू येते, आणि तसं वाटणं अगदीच चूक नाही. तंबाखू मूळची तिकडची. तिच्या भुकटीत चुना मिसळून गालात धरायची चालही अझ्टेकांमध्ये होती. पण ही आजी चुना विकत होती तो मक्यासाठी.

तो मक्यात कसा जातो, हे मी ज्यांच्याकडे उतरले होते त्या बाईंच्या स्वयंपाकघरात पाहिलं. बाई साठीच्या, बोलायला कमी. माझं स्पॅनिश तुटपुंजं असल्यामुळे आमचं छान जमलं. संध्याकाळी त्यांनी चुन्याचा खडा मातीच्या वाडग्यात ठेवून वर पाणी ओतलं. खडा फसफसला, तडकला, वाडगं हाताला गरम लागू लागलं. मग गाळ खाली बसू दिला आणि वरची पांढुरकी निवळी मक्याच्या पातेल्यात ओतली. किती ओतायची याचं माप त्यांच्या जिभेवर: बोट बुडवून चाखलं, जीभ जरा चुरचुरली, पुरे. पुस्तकं हेच प्रमाण मक्याच्या वजनाच्या शेकडा एकच्या आसपास सांगतात. मका उकळू लागताच पाणी पिवळं झालं आणि घरभर ओल्या भिंतीचा आणि भाजल्या कणसाचा एकत्र वास पसरला. चूल विझवून पातेलं रात्रभर तसंच ठेवलं.

सकाळी त्यांनी एक दाणा उचलून माझ्या तळहातावर ठेवला आणि अंगठ्याने चोळायला सांगितला. साल सरकन निघून आली. आत दाणा गुबगुबीत, मऊ, पण पिचलेला नाही. याला म्हणतात निश्तामाल. तो धुवायचा, मेतातेवर, म्हणजे ज्वालामुखीच्या दगडाच्या तीन पायांच्या उतरत्या पाट्यावर वाटायचा, हातावर थापायचा आणि कोमालवर टाकायचा. कोमाल म्हणजे मातीचा तवा, आणि त्यालाही वरून चुन्याचंच पाणी फासलेलं, तोर्तिया, म्हणजे ही मक्याची पोळी, चिकटू नये म्हणून.

पहिला घास खाताना भाकरीची आठवण येणं अटळ आहे, पण हे साम्य तव्यावरच संपतं. भाकरीचं पीठ कोरडं दळतात आणि त्याला चिकटपणा यावा म्हणून आपण उकड काढतो, परातीत तळहाताने मळत बसतो. मक्याचं कोरडं पीठ असं कितीही मळा, ते चिरतंच. तोर्तियाला जी लवचीक एकसंधता येते ती चुन्याची करणी. दाण्याच्या सालीला धरून ठेवणारा बंध चुना सोडवतो, आणि त्यातूनच पिठाला धरून ठेवणारा गोंद तयार होतो.

आणि गोष्ट चवीपुरती नाही. मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व असं बांधलेलं असतं की नुसता मका खाणाऱ्याच्या अंगी ते लागत नाही. चुन्यात शिजवल्यावर ते सुटं होतं, शिवाय कॅल्शियमही मिळतं. स्पॅनिश लोकांनी मका युरोपात नेला, चुना मात्र इथेच ठेवला. बायकांच्या चुलीपाशी काय चालतं, ते विचारायची त्यांना गरज वाटली नसावी. पुढे उत्तर इटलीत मक्याच्या लापशीवर जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा झाला. कातडी भाजल्यासारखी होई, पोट बिघडे, शेवटी डोकं फिरे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिणेतल्या गोऱ्या-काळ्या मजुरांमध्येही तोच रोग पसरला आणि त्याने लाखभर माणसं घेतली असं मानतात. जोसेफ गोल्डबर्गर या डॉक्टरने हा संसर्ग नाही, अन्नाचा दोष आहे हे दाखवलं, आणि नायसिनचा पत्ता लागायला 1937 साल उजाडलं. वाहाकाच्या डोंगरातल्या बाया तोपर्यंत हजारो वर्षं तो उपाय रोज रात्री पातेल्यात ओतत होत्या.

याचा अर्थ मेतातेवर वाटणं हे काही सुखाचं काम आहे असा नाही. बाईंच्या आग्रहावरून मी त्याच्यापुढे गुडघे टेकून बसले. ओंजळभर दाणे वाटेपर्यंत खांदे भरून आले आणि पोटऱ्यांना मुंग्या आल्या. गावोगावी गिरण्या येण्याआधी घरची बाई पहाटेपासून तीन-चार तास अशी बसे, रोज, जन्मभर. चित्रकार दिएगो रिवेराने 1924 मध्ये मेतातेवर वाकलेली बाई कॅनव्हासवर रंगवली. फार सुंदर चित्र आहे. पण आमच्या बाई शेजारच्या गिरणीत दळण टाकतात आणि मेताते सणाला काढतात. शहाणपण त्यांच्याकडेच आहे.

त्लाकोलुलाच्या पुढे मित्लाच्या वाटेवर गिला नाकित्स नावाची गुहा आहे. तिथे सापडलेले कणसाचे चिमुकले तुकडे सव्वासहा हजार वर्षांपूर्वीचे आहेत. माणसाने तेओसिंते नावाच्या गवतातून मका घडवायला सुरुवात केली ती त्याच्याही अडीच-तीन हजार वर्षं आधी, बाल्सास नदीच्या खोऱ्यात. शेतात आपोआप उगवलं असं हे पीक नव्हेच. कणसाचे दाणे माणसाने सोलून पेरले नाहीत, तर मका वंश टिकवू शकत नाही. 2025 मध्ये मेक्सिकोने जनुकबदल केलेल्या मक्याची लागवड बंद करणारी दुरुस्ती थेट राज्यघटनेत घातली, ती या नात्यापायी. व्यापाराच्या अंगाने त्यावर वाद घालता येईल, घालणारे घालतातही.

तेओतित्लान देल व्याये हे विणकरांचं गाव त्याच रस्त्यावर. घरोघरी माग, अंगणात लोकरीच्या लडी टांगलेल्या. पर्यटकांना दाखवायचा एक ठरलेला खेळ तिथे असतो, आणि ठरलेला असला तरी तो पाहून माणूस हरखतो. फड्या निवडुंगाच्या पानावर पिठासारखा पांढरा बुरा दिसतो. तो बुरा म्हणजे किडे, कोचिनील. वाळवलेले दोन-चार किडे विणकराने तळहातावर चुरडले: गर्द किरमिजी. त्यावर लिंबू पिळलं: रंग शेंदरी. मग दुसऱ्या तळहातावरच्या किरमिजीत चिमूटभर चुना घातला आणि बोटाने कालवला. आमच्या डोळ्यांदेखत तो जांभळा झाला, अगदी करवंदाच्या रसाचा जांभळा. विणकर बोलत काहीच नव्हता, नुसते दोन्ही तळवे पुढे धरून उभा होता. त्याच्या नखांच्या कडांत मुरलेले रंग तळव्यावरच्या रंगांपेक्षा जुने होते.

किलोभर वाळवलेल्या कोचिनीलला दीड लाखाच्या आसपास किडे लागतात, आणि ते हाताने खरवडून गोळा करावे लागतात. तरी स्पॅनिश राजवटीत चांदीच्या खालोखाल किमतीची निर्यात या किड्यांची होती. युरोपातले सरदार आणि कार्डिनल त्याच लाल रंगात मिरवत. इंग्रजांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासला निवडुंगाचे मळे लावून हा किडा पाळायचा घाट घातला, तो फसला. पुढे 1856 नंतर रसायनांपासून केलेले रंग आले आणि किड्यांचा भाव कोसळला. तेओतित्लानमध्येही सगळी लोकर किड्यांत रंगत नाही. स्वस्त चटई बाजारी रंगाची असते, आणि ती तशीच सांगून विकणारा विणकर मला प्रामाणिक वाटला.

मेक्सिको शहरात आले तेव्हा वाटलं होतं, चुना मागे राहिला. शिक्षण खात्याच्या जुन्या इमारतीत शिरले आणि तो समोर उभा. 1923 ते 1928 या काळात रिवेराने या इमारतीच्या दोन अंगणांभोवतीच्या तीन मजली सज्ज्यांवर दोनशेच्या वर चित्रं काढली. राज्यक्रांतीची दहा वर्षं नुकतीच सरली होती. बहुतेक जनतेला वाचता येत नव्हतं, आणि शिक्षणमंत्री होसे वास्कोन्सेलोस यांनी भिंती चित्रकारांच्या हवाली केल्या. ही फ्रेस्को पद्धत: गवंडी पहाटेच्या आत चुना-वाळूचा शेवटचा हात देणार, चित्रकार तो ओला आहे तोवर पाण्यात खललेले रंग लावणार. चुना सुकताना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतो, पुन्हा दगड होतो आणि रंगाला पोटात घेऊन बसतो. दिवसभरात जमेल तेवढाच तुकडा लिंपायचा. उरलेला गिलावा संध्याकाळी खरवडून टाकायचा. सुरुवातीला रिवेराने रंगात निवडुंगाचा आंबवलेला चीक घालून पाहिला, पूर्वजांची युक्ती म्हणून. भिंतीवर डाग उठले आणि तो नाद सुटला.

तळमजल्यावर विणकर आहेत, रंगारी आहेत. तेओतित्लानच्या अंगणातून आलेल्या माणसाला ते ओळखीचे वाटतात. रंगाऱ्यांच्या पाठी वाकलेल्या आहेत, चेहरे फारसे दिसत नाहीत. रिवेराच्या घोषणाबाज चित्रांपेक्षा ही कामाची चित्रं मला फार वरची वाटतात. वर चढत जावं तसा विळा-हातोड्यांचा आणि लाल फितींचा आवाज वाढत जातो, भांडवलदार फारच सोयीस्कर कुरूप होतात.

पण वर जायलाच हवं, कारण सगळ्यात वरच्या मजल्यावर आपला एक माणूस बसला आहे. ‘आपली भाकरी’ म्हणता येईल अशा नावाचं ते चित्र: एक टेबल, भोवती नाना वर्णांची माणसं, आणि डोक्याशी बसून पाव मोडणारा गृहस्थ. तो रिवेराने पांडुरंग सदाशिव खानखोज्यांवरून काढला असं मानतात. खानखोजे वर्ध्याचे. अमेरिकेत शेतीशास्त्र शिकले, गदर चळवळ उभारणाऱ्यांत होते, पहिल्या महायुद्धात इराणात इंग्रजांशी लढले. घरी परतायची सोय उरली नाही, तेव्हा 1924 मध्ये मेक्सिकोत आले आणि चापिंगोच्या शेतकी महाविद्यालयात शिकवू लागले. तिथे त्यांनी मक्याच्या नव्या जाती काढायचा ध्यास घेतला, मक्याचा तेओसिंतेशी संकर करून पाहिला, शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा काढल्या. छायाचित्रकार तिना मोदोत्तीने कणसांसकट त्यांचे फोटो काढले. चापिंगोचं प्रार्थनागृहही रिवेराने त्याच सुमारास रंगवलं. अखेरची वर्षं खानखोजे नागपुरात राहिले आणि 1967 मध्ये गेले. मक्यासाठी एवढं झिजलेल्या माणसाच्या हाती चित्रकाराने गव्हाचा पाव दिला, ही बारीकशी चूक मी रिवेराला अजून माफ केलेली नाही.

फ्रीदाच्या निळ्या घराबाहेरची रांग सोडा, असं मी म्हणणार नाही. तिथे जाच. पण एक सकाळ शिक्षण खात्याच्या त्या इमारतीसाठी राखून ठेवा. तळमजल्यावरच्या रंगाऱ्यांपासून सुरुवात करा आणि पाय दुखले तरी वरच्या मजल्यापर्यंत जा. बाहेर आल्यावर भूक लागेलच. तेव्हा तोर्तियाच्या दुकानात आधी विचारा, मका रात्री चुन्यात भिजवला होता की पाकिटातलं पीठ कालवलंय? पाकिटातलं म्हणाले, तर गल्लीच्या टोकाच्या पुढच्या दुकानात जा.