लीड्समधली तुंबलेली मोरी

सोलापूरच्या माणसाची थंडी म्हणजे पहाटे अंगावर एक घोंगडं जास्त. लेकीच्या बाळंतपणासाठी इंग्लंडात लीड्सला गेलेल्या आजींचा अनुभव एवढाच होता. साल होतं २०१०. शंभर वर्षांत झाला नव्हता इतका गार डिसेंबर त्या वर्षी ब्रिटनने पाहिला. नात एकवीस दिवसांची झाली आणि नेमके त्याच सकाळी घरातले सगळे रेडिएटर थंड पडले.

तिकडे प्रत्येक खोलीत वेगळा हीटर नसतो. स्वयंपाकघरातल्या भिंतीवरचा गॅसचा बॉयलर पाणी तापवतो, पंप ते पाणी नळ्यांतून खोल्याखोल्यांच्या रेडिएटरमध्ये फिरवतो आणि निवलेलं पाणी परत बॉयलरकडे येतं. कुठे एके ठिकाणी अडलं की सगळं घर गारठतं.

जावयाने दुरुस्तीवाल्याला फोन लावला. तो परवाशिवाय येणार नव्हता. त्या आठवड्यात असे फोन त्याला ढिगाने येत होते. बॉयलरचं झाकण स्वतः उघडायची सोय नव्हती. तिथे गॅसच्या कामाला नोंदणी झालेलाच माणूस लागतो, आणि ते योग्यच आहे.

आजींचं लक्ष मात्र परसातल्या खोपटाकडे होतं. उन्हाळ्यात कणसं भाजायची लोखंडी शेगडी आणि कोळशाचं पोतं तिथे होतं.

"निखारे करून बाळंतिणीच्या खोलीत ठेवू. ओव्याची धुरीही होईल."

"आई, नको. इथे ते चालत नाही," जावई म्हणाला.

"चालत नाही म्हणजे? माझी तीन बाळंतपणं शेगडीवरच झाली!"

आजींना ते लागलं. पण जावयाचं म्हणणं खरं होतं. सोलापूरच्या त्या घराला कौलं होती, दाराला बोटभर फट होती. इथे दुहेरी काचेच्या खिडक्या, वारा जायला जागा नाही. निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला ना रंग ना वास. रक्तातली प्राणवायूची जागा तो बळकावतो. आधी डोकं दुखतं, मग गुंगी येते आणि झोपलेलं माणूस झोपेतच जातं. दिल्लीकडे बंद खोलीत अंगीठी ठेवून निजलेल्यांच्या अशा बातम्या हिवाळ्यात येतातच. लेकीने हे सगळं समजावलं तेव्हा आजी गप्प झाल्या. राग गेला नव्हता, पण शेगडीचं नाव पुन्हा काढलं नाही.

आता शोध सुरू झाला. थर्मोस्टॅट वर केला, काही नाही. गॅसची शेगडी पेटत होती, म्हणजे गॅस येत होता. बॉयलरवरचा दाबाचा काटा एक आणि दीडच्या मध्ये होता, म्हणजे आत पाणी पुरेसं होतं. रीसेटचं बटण दाबलं की पंखा घुमायचा, ज्योत धरायची आणि थोड्याच वेळात विझून लाल दिवा लागायचा. जावयाने तीनदा दाबून पाहिलं.

"थांबा. परत दाबू नका," आजी म्हणाल्या. "ऐका, गुळगुळतंय. मोरी तुंबली की अस्साच आवाज येतो. याचं पाणी कुठे जातं?"

पाणी खरंच जात होतं! नवे बॉयलर धुरातली वाफही थंड करून तिची ऊब वापरतात. त्या वाफेचं थेंब थेंब पाणी बारीक प्लॅस्टिकच्या नळीने बाहेर पडतं. नळी भिंतीबाहेर उघडी असेल तर कडाक्याच्या थंडीत आतल्या आत गोठते, पाणी मागे साचतं आणि बॉयलर स्वतःला बंद करून घेतो. मागच्या भिंतीवर ती पांढरी नळी सापडली. तोंडाशी बर्फाचा सुळका लोंबत होता.

जावई उकळती किटली घेऊन निघाला, तेव्हा लेकीने त्यात नळाचं पाणी मिसळायला लावलं. उकळत्या पाण्याने गोठलेली नळी तडकते. आजींनी बाळंतिणीच्या कमरेला शेकायची रबरी पिशवी भरून आणली आणि नळीला जुन्या पंच्याने बांधली. तिघांनी आळीपाळीने वीस मिनिटं कोमट पाणी ओतलं. सुळका गळून पडला, पाठोपाठ भळभळ पाणी आलं. बटण दाबलं. ज्योत टिकली.

बाळाच्या खोलीतला रेडिएटर मात्र खाली गरम, वर गार राहिला. हे दुखणं जुनंच, वरच्या भागात हवा अडकते. (वर गरम आणि तळाशी गार असेल तर आत गाळ साचलेला असतो, ते दुरुस्तीवाल्याचं काम.) हीटिंग बंद करून, रेडिएटर निवल्यावर जावयाने छोट्या किल्लीने कोपऱ्यातला स्क्रू अर्धा फेरा सैल केला. फुस्स करून हवा गेली, पाण्याचा थेंब दिसताच स्क्रू आवळला. हवा गेल्यावर दाबाचा काटा एकच्या खाली उतरला, तेव्हा खालच्या तोटीने पाणी भरून तो जागेवर आणला.

संध्याकाळी खोलीत अठरा अंश होते. घरी येणाऱ्या नर्सने तान्ह्या बाळासाठी सोळा ते वीस सांगितले होते. आजींना पंचवीस हवे होते. त्यावर वाद झाला, आणि तो आजी सोलापूरला परतेपर्यंत रोज होत राहिला. दुरुस्तीवाला ठरल्याप्रमाणे आला. त्याने बाहेरची नळी बदलून जाड बसवली आणि तिच्यावर फोमचं वेष्टण चढवलं.

"टोपडं घातलं बघ नळीला," आजी लेकीला म्हणाल्या.