वितळतार

विजेच्या परिभाषेत मराठीला जे थोडे अर्थवाही शब्द लाभले, त्यांत ‘वितळतार’ या शब्दाची गणना करावी लागेल. शालेय पाठ्यपुस्तकांबाहेर तो फारसा पडला नाही. घराघरांतून आणि गॅरेजांतून ‘फ्यूज’ हाच शब्द रुळला, आणि दिवे गेले की ‘फ्यूज उडाला’ असे म्हणण्याचा प्रघात पडला. तथापि उडणे आणि वितळणे या दोन क्रियापदांत मोठे अंतर आहे. उडणे हा अपघात होय. वितळणे हा त्या तारेला नेमून दिलेला धर्म होय. ‘फ्यूज’ या शब्दाच्या मुळाशीदेखील ओतणे, वितळविणे या अर्थाचे लॅटिन क्रियापद आहे. सुरुंगाच्या वातीलाही इंग्रजीत याच उच्चाराचा शब्द लावतात. पण तो निराळा. त्याचे मूळ सूत कातण्याच्या चातीच्या लॅटिन नावात सापडते. एक फ्यूज आग पुढे पोचवितो, दुसरा ती अडवितो. ऐकणाऱ्याच्या कानाला मात्र दोन्ही सारखेच.

हैदराबादेत भाषांचे अध्यापन करून निवृत्त झालेल्या एका मराठी प्राध्यापकांना ही व्युत्पत्ती तोंडपाठ होती. वर्गात ते ती रंगवून सांगत आणि विद्यार्थी हसत. परंतु या शब्दाचा अर्थ त्यांना कोशाने शिकविलेला नव्हता. आणि ज्या प्रसंगाने तो शिकविला, त्याविषयी ते वर्गात किंवा घरात कधी बोलत नसत.

२०२३ च्या ऑगस्टातील एका दुपारी सोलापुराहून भाच्याचा फोन आला. अक्कांनी दोन दिवसांपासून अन्न सोडले होते. शुद्ध होती, बोलत होत्या, पण डॉक्टरांनी जवळच्यांना बोलावून घ्यावयास सांगितले होते. पूर्वी अशा बातमीची तार येत असे. ती सेवा २०१३ साली बंद झाली, तरी वृद्धांच्या मनात अवेळी वाजलेली फोनची घंटा अजून तारेसारखीच वाजते. प्राध्यापकांनी चार कपडे पिशवीत भरले. कपाटातून एक कोरी, जाड पुठ्ठ्याची वही काढली आणि तीही पिशवीत ठेवली. मुलीने पंधरा दिवस आवारातील गुलमोहराखाली उभी असलेली गाडी बाहेर काढली. सुमारे तीनशे किलोमीटरचा रस्ता. तेलंगणातून निघून कर्नाटकाचा एक तुकडा ओलांडावयाचा आणि उमरग्याच्या बाजूने महाराष्ट्रात शिरावयाचे.

जहीराबाद मागे पडले आणि पावसाने जोर धरला. थोड्याच वेळात काचेवरून फिरणारे वायपर मध्यावर आले, एकदा थरथरले आणि थांबले. समोरचा रस्ता पाण्याच्या पडद्याआड नाहीसा झाला. सुदैवाने एका ढाब्याची पत्र्याची शेड जवळच होती. मुलीने अंदाजाने गाडी तिच्याखाली आणून उभी केली.

आधुनिक मोटारीची वीज ही एखाद्या मोठ्या एकत्र कुटुंबासारखी असते. पूर्वीच्या अँबॅसिडरसारख्या गाडीत फ्यूज बोटांवर मोजता येत; एक गेला की निम्मे घर अंधारात. आता दिवे, भोंगा, पंखा, काचा, पेट्रोलचा पंप, प्रत्येकाची चूल वेगळी, म्हणून प्रत्येकाचा फ्यूजही वेगळा. हे फ्यूज बहुधा दोन पेट्यांत बसविलेले असतात. एक पेटी बॉनेटखाली बॅटरीच्या शेजारी, दुसरी चालकाच्या गुडघ्याजवळ डॅशबोर्डच्या खालच्या अंगास. कोणता फ्यूज कोणाचा, हे गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेत दिलेले असते. पुष्कळदा झाकणाच्या आतल्या बाजूसही त्याचा नकाशा असतो. प्राध्यापकांनी झाकण उघडून चष्मा पुसला आणि मोबाइलच्या उजेडात तो नकाशा वाचावयास घेतला. आकडे, चिन्हे आणि तुटक अक्षरे. शब्दकोशाच्या आरंभी संक्षेपांची जी यादी असते, तिची सवय असलेल्या माणसाला हे वाचन फारसे परके नव्हते. अर्धवर्तुळात फिरणाऱ्या दांड्याचे चित्र त्यांना सापडले. त्याखाली वीसचा आकडा होता.

“किल्ली काढून हातात घे,” ते मुलीला म्हणाले. वीज चालू असताना फ्यूज ओढू नये, इतके त्यांना ठाऊक होते. पेटीतच अडकवून ठेवलेला प्लॅस्टिकचा छोटा चिमटा त्यांनी घेतला आणि पिवळा फ्यूज सरळ वर ओढला. या फ्यूजांचे रंग ठरलेले असतात. तांबडा दहा अँपिअरचा, निळा पंधराचा, पिवळा विसाचा, बिनरंगी पंचविसाचा आणि हिरवा तिसाचा. आतील धातूची पट्टी पारदर्शक प्लॅस्टिकमधून दिसते. ती सलग असली तर फ्यूज शाबूत. येथे ती मधोमध तुटली होती आणि तुटल्या जागी काळसर डाग पडला होता. पेटीत जादा म्हणून ठेवलेला एकच पिवळा फ्यूज होता. तो त्यांनी बसविला. मुलीने किल्ली फिरवून वायपरचे बटण खाली ओढले. डॅशबोर्डच्या आतून ‘टक्’ असा आवाज आला, दांडे हलतो न हलतोसे झाले, आणि पुन्हा सारे शांत. नवा फ्यूजही गेला.

ढाब्यावर थांबलेला एक ट्रकचालक चहाचा पेला हातात घेऊन हे पाहत होता. त्याने खिशातून सिगारेटचे पाकीट काढले आणि आतील चंदेरी कागद फाडून पुढे केला. “ये लपेट देव साब, सोलापूर तक आराम से चल जाती.” मुलीला ते पटले. पेटीत एक हिरवा फ्यूजही जादा होता. कागद नको तर तो बसवावा, असे तिने सुचविले. “बाबा, एका रात्रीचा तर प्रश्न आहे. आत्या तिकडे वाट पाहतायत.”

“तिसाचा नाही बसवायचा,” प्राध्यापक म्हणाले. त्यांच्या आवाजातील धार तिला अनोळखी होती.

फ्यूज हा यंत्राच्या रक्षणासाठी असतो, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः तो मुख्यत्वे तारेच्या रक्षणासाठी असतो. यंत्राकडे जाणारी तार किती जाड, तिला किती प्रवाह सोसेल, हे पाहून फ्यूजचे माप ठरते. मापाच्या दुप्पट प्रवाह आला तर तो काही सेकंदांतच वितळतो, आणि सगळ्या मार्गातील सर्वांत दुबळी जागा आपणच, ही आपली प्रतिज्ञा पाळतो. त्याच्या जागी हिरवा बसविला, किंवा चंदेरी कागद गुंडाळला, म्हणजे दुबळी जागा नाहीशी होत नाही. ती फक्त दुसरीकडे सरकते. मग वितळावयाचे काम अस्तराखालून, गालिच्याखालून गेलेल्या एखाद्या तारेच्या वाट्याला येते, आणि ते कोणाला दिसत नाही.

सोलापुरातील त्यांच्या जुन्या घरी १९७९ च्या दिवाळीत हेच घडले होते. घर पाहुण्यांनी भरले होते. दिव्यांच्या वायरिंगवर कोणी तरी विजेची शेगडी लावली होती, आणि चिनी मातीच्या कटआउटमधील बारीक तार एका दिवसात तीनदा वितळली. दोनदा त्यांनी ती मापाने बसविली. तिसऱ्या वेळी पंगत बसली होती, बायका अंधारात खोळंबल्या होत्या. तेव्हा त्यांनी तांब्याची जाड तार दुहेरी करून पिळली आणि खटका वर केला. त्या रात्री दिवे गेले नाहीत. सर्वांनी त्यांचे कौतुक केले. पहाटे लाकडी पट्टीतून जाणारी वायर धुमसू लागली आणि तिच्याखालच्या फडताळाने पेट घेतला. माणसांना काही झाले नाही. फडताळात आईच्या ओव्यांच्या दोन वह्या होत्या. आईला लिहिता येत नसे. ती जात्यावर म्हणे आणि अक्का लिहून घेत. एक वही कडांना जळून उरली. दुसरीची राख झाली.

आई तीन वर्षांनी गेली. जळालेल्या वहीतील ओव्या त्यानंतर एकाच ठिकाणी उरल्या, अक्कांच्या स्मरणात. त्या पुन्हा सांग, मी लिहून घेतो, असे म्हणणे कठीण नव्हते. पण तसे म्हणावयाचे तर त्या पहाटेचे नाव काढावे लागले असते. प्राध्यापकांनी देशातील कितीतरी भाषांमधील मौखिक परंपरांवर व्याख्याने दिली. हे एक वाक्य त्यांना चव्वेचाळीस वर्षांत उच्चारता आले नाही. आणि अक्कांनीही त्या जाड तारेविषयी कधी एक शब्द काढला नाही.

शेडवर पाऊस वाजत होता. प्राध्यापक बंद वायपरकडे पाहत उभे राहिले. मघाचा तो ‘टक्’ असा आवाज रिलेचा होता. रिले म्हणजे निरोप्या. चालकाच्या बोटाखालील नाजूक बटणातून मोठा प्रवाह नेला तर बटणच जळेल; म्हणून बटणाने केवळ एक क्षीण प्रवाह रिलेतील वेटोळ्याकडे धाडावयाचा. वेटोळे चुंबक होते, आतील पट्टी ओढते, आणि मोठ्या प्रवाहाची वाट जुळते. ज्या चार टोकांवर हे चालते, त्यांना पुष्कळ गाड्यांत आकडेही तेच दिलेले असतात. वेटोळ्याची टोके ८५ आणि ८६, मोठ्या प्रवाहाची ३० आणि ८७. हा शब्दही प्रवासी आहे. शिकारीच्या वाटेवर जागोजागी ताज्या दमाचे कुत्रे राखून ठेवीत, त्या प्रथेच्या जुन्या फ्रेंच नावातून तो इंग्रजीत आला. पुढे टप्प्याटप्प्याने बदलावयाच्या घोड्यांना लागला आणि नंतर तारायंत्रात क्षीण झालेल्या संदेशाला पुढच्या टप्प्यात नवे बळ देणाऱ्या उपकरणाला. आपल्याकडे त्या घोड्यांच्या आणि हरकाऱ्यांच्या टप्प्यांना डाक म्हणत. तारखाती बंद झाली. तारायंत्रातील हा निरोप्या मात्र गाडीत नोकरीस राहिला आहे. काही नव्या गाड्यांत त्याचेही काम इलेक्ट्रॉनिक मंडलांकडे गेले आहे, आणि तेथे हाताने काढून बदलण्याजोगे काही उरत नाही. विजेवर चालणाऱ्या गाड्यांतील नारिंगी वेष्टनाच्या जाड तारांना तर जाणत्या कारागिराखेरीज कोणी हात लावू नये. तेथील दाब प्राणावर बेतणारा असतो.

आवाज आला नसता तर रिलेवर संशय घ्यावा लागला असता. मग भोंग्याचा त्याच बनावटीचा रिले काढून येथे लावून पाहणे, ही सोपी परीक्षा होती. पण आवाज आला होता, आणि दांडे किंचित हललेही होते. म्हणजे आज्ञा पोचली होती, वीजही पोचली होती. काम मात्र होत नव्हते. मोटर फिरावयाचा यत्न करीत होती आणि तिला काहीतरी अडवीत होते. अडलेली मोटर नेहमीपेक्षा कितीतरी अधिक प्रवाह ओढते. पिवळ्या फ्यूजने दोनदा आपला जीव देऊन एवढेच सांगितले होते.

“दांड्याच्या बुडाशी पाहा,” ते मुलीला म्हणाले.

काचेखालील काळ्या जाळीवर गुलमोहराची बारीक पाने चिखलासारखी साचली होती. पाण्याबरोबर वाहत आलेला वाळक्या शेंगेचा एक टणक तुकडा वायपरच्या दांड्याच्या बुडाशी पाचरीसारखा रुतून बसला होता. ट्रकचालकाने आपला लांब स्क्रूड्रायव्हर आणून तो हलक्या हाताने उकरून काढला, हातावर घेऊन पाहिला, आणि चंदेरी कागद चुरगाळून फेकून दिला.

पिवळा फ्यूज आता उरला नव्हता. तथापि मोबाइलला वीज पुरविणाऱ्या सॉकेटचा फ्यूज त्या गाडीत त्याच मापाचा होता. तो त्यांनी काढून वायपरच्या जागी बसविला. किल्ली फिरली, ‘टक्’ झाले, आणि काचेवरचे पाणी दोन्ही बाजूंना सरले.

हुमनाबादला मोटारीच्या सुट्या भागांचे एक दुकान बंद होता होता सापडले. मुलीने तीन पिवळे फ्यूज घेतले. एक तिने स्वतःच सॉकेटच्या रिकाम्या जागी बसविला, दोन जादाच्या खाचांत ठेवले. गाडीत बसल्यावर तिने विचारले, “बाबा, तिसाचा का नको म्हणालात?” उमरगा येईपर्यंत प्राध्यापकांनी तिला सारे सांगितले. तिने मध्ये काही विचारले नाही.

सोलापुरास पोचेपर्यंत मध्यरात्र झाली. अक्का जाग्या होत्या. उशाशी मंद दिवा होता. प्राध्यापक पलंगाच्या कडेला बसले. पिशवीतील वही त्यांनी काढून मांडीवर घेतली होती, पण उघडली नव्हती.

“फार उशीर केलास रे,” अक्का म्हणाल्या.

“गाडीची वितळतार गेली होती, अक्का.”

अक्कांनी डोळे मिटले. थोड्या वेळाने त्यांनी विचारले, “मग? या खेपेला मापाची बसवलीस ना?”

“मापाचीच बसवली.”

त्यांनी चाचपडत हात पुढे केला, वहीच्या पुठ्ठ्यावर ठेवला आणि म्हणाल्या, “मग लिही.”