अम्मीचे गुडघे आणि विमानतळाची कमान

उमराहची तिकिटे हातात आली आणि त्याच रात्री अम्मीने सांगून टाकले, "मी येत नाही. तुम्ही दोघे जाऊन या."

कारण कळायला दोन दिवस लागले. आमच्या नयानगरातल्या बायकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरत होता. विमानतळावर नवे मशीन येत आहे, त्यात उभे राहिले की कपड्यांच्या आतले सगळे पडद्यावर दिसते. सोबत एका बाईचा राखाडी फोटोही होता. अम्मी म्हणाली, "ऑपरेशनची गोष्ट वेगळी, तिथे नाइलाज होता. आता माझी सतर पाहायचीच तर गुस्ल देणाऱ्या बाईने पाहावी. काचेमागे बसलेल्या पोरांनी नाही."

आयुष्यभर बाळगलेली हया ती अल्लाहच्या घरी निघतानाच दारात ठेवून जायला तयार नव्हती. यावर हसणे मला जमले नाही. म्हणून मी नीट माहिती काढायला बसले.

तो फोटो खोटा नव्हता, पण जुना होता. 25 डिसेंबर 2009 रोजी डेट्रॉइटला जाणाऱ्या विमानात एका तरुणाने अंतर्वस्त्रात लपवलेली स्फोटके पेटवण्याचा प्रयत्न केला. त्यानंतर अमेरिकेत ही यंत्रे झपाट्याने बसवली गेली. त्यातली काही क्ष-किरणांवर चालत आणि शरीराची बाह्याकृती खरोखरच दाखवत. फेब्रुवारी 2010 मध्ये उत्तर अमेरिकेच्या फिक्ह कौन्सिलने सांगितले की हे इस्लामी हयेच्या विरुद्ध आहे. मुस्लिम प्रवाशांनी त्याऐवजी हाताने झडती मागावी. त्याच महिन्यात पोप बेनेडिक्ट यांनीही विमानतळाच्या कर्मचाऱ्यांसमोर माणसाच्या प्रतिष्ठेची आठवण करून दिली. म्हणजे ही केवळ आपली तक्रार नव्हती. लोक बोलत राहिले आणि फरक पडला. युरोपने 2011 मध्ये प्रवाशांसाठी क्ष-किरण यंत्रे नाकारली व स्कॅनरला नकार देण्याचा हक्क दिला. अमेरिकेने 2013 मध्ये तसली यंत्रे विमानतळांवरून काढली.

आता जी यंत्रे बसवतात ती मिलिमीटर लहरींची. या लहरी कपड्यांतून जातात, त्वचेवरून परततात. पडद्यावर आपले चित्र येत नाही, सर्वांसाठी एकच बाहुली येते आणि शंका असेल त्या जागी चौकोन उमटतो. आपल्या बीसीएएसने 2019 मध्ये देशातल्या 84 विमानतळांवर अशीच यंत्रे बसवायला सांगितले होते. ते काम ठरल्या वेळेत झाले नाही.

हे सगळे मी अम्मीला सांगितले. तिने एकच विचारले, "बाहुली माझ्यासारखी दिसत नाही ना?" नाही म्हटल्यावर तिने बॅग भरायला घेतली.

सुरक्षा नको असे मीरा रोडचा माणूस म्हणूच शकत नाही. 11 जुलै 2006 च्या संध्याकाळी लोकलमध्ये जे सात स्फोट झाले, त्यातला एक आमच्या मीरा रोडजवळ होता. त्या रात्री घरी न परतलेल्यांत सगळ्या धर्मांचे लोक होते. पण त्याच खटल्यातल्या 12 जणांना 2025 मध्ये उच्च न्यायालयाने निर्दोष ठरवले, तोवर 19 वर्षे उलटली होती. पुढे सर्वोच्च न्यायालयाने, तो निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये, असे म्हटले. स्फोटाची भीती आणि संशयाची भीती, आमच्या वस्तीला दोन्ही ठाऊक आहेत.

निघताना विमानतळावर जुनीच धातूशोधक कमान होती. अम्मीचे दोन्ही गुडघे बदललेले, त्यामुळे ती वाजलीच. पडद्याआड महिला जवानाने तपासले, कागद पाहिला आणि विचारले, "आजी, अजून दुखतात का?" अम्मीने तिच्यासाठी तिथेच दुआ केली.

परतताना एका परदेशी विमानतळावर विमान बदलायचे होते. तिथे ते नवे यंत्र होते. गुडघ्यांवर काहीच उमटले नाही, कारण लहरी हाडापर्यंत जातच नाहीत. चौकोन उमटला तो डोक्यावर, ओढणीच्या घड्यांवर. तिथल्या पुरुष कर्मचाऱ्याने ओढणीकडे हात नेला. मी मध्ये उभी राहिले, "बाईंना बोलवा." वीस मिनिटे सगळ्यांच्या नजरा आमच्यावर. अम्मी भिंतीला टेकून, दोन्ही हातांनी ओढणी घट्ट धरून उभी. विमान सुटता सुटता मिळाले.

त्या वीस मिनिटांत माझ्या ध्यानात आले की यंत्राला नाव कळत नाही, धर्म कळत नाही. नाव वाचतो तो माणूस. माजी राष्ट्रपती अब्दुल कलाम यांची 2009 मध्ये दिल्लीच्या विमानतळावर एका परदेशी विमान कंपनीने झडती घेतली, नंतर माफी मागितली. तिथे स्कॅनर नव्हता. अपमान होतो तो नियम ठाऊक नसलेल्या किंवा न पाळणाऱ्या हातांनी.

कुरआनात नजर खाली ठेवण्याचा हुकूम आधी पुरुषांना आहे, मग स्त्रियांना. दुसऱ्याच्या खासगी गोष्टींची टेहळणी करू नका, असाही हुकूम आहे. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 24 ऑगस्ट 2017 रोजी खासगीपणाला मूलभूत हक्क मानले. पण 2023 च्या माहिती संरक्षण कायद्यात, सुरक्षेच्या कारणासाठी सरकारी यंत्रणांना सूट देण्याची सोय आहे. म्हणून विचारायला हवे : चित्र साठवले जाते का? नकार देता येतो का? महिला कर्मचारी किती? याची उत्तरे रांगेच्या तोंडाशी मराठी, हिंदी, उर्दूत मोठ्या अक्षरांत लावायला सरकारला काय अडचण आहे?

आणि आपल्याकडचे एक काम. हजच्या प्रशिक्षण शिबिरात एहराम कसा बांधावा हे शिकवतात. तिथेच दहा मिनिटे विमानतळाच्या तपासणीलाही द्यावीत. ओढणीला पिना कमी लावा, गुडघे बदलले असतील तर डॉक्टरांचा कागद हाती ठेवा, स्त्रीकडून आणि आडोशाला तपासणी मागा.

अम्मीने तर सुरुवात केलीही आहे. इमारतीतून कोणी उमराहला निघाले की ती खाली उतरते आणि त्या बाईला सांगते, "घाबरू नकोस. बाहुली आपल्यासारखी दिसत नाही. पण ओढणीला हात लागायच्या आधी तोंड उघड."