पैसे देऊन हमाली

मागच्या रविवारी पुण्याहून नातीचा फोन आला. "आजी, तू बाबांशी बोल ना गं. तू सांगितलंस तर ऐकतील." बी.एस्सी. झाली की तिला कोस्टारिकाला जायचंय, समुद्री कासवांच्या कामावर स्वयंसेवक म्हणून. आमचे चिरंजीव म्हणतात, पैसे देऊन हमाली करायला एवढ्या लांब कशाला जायचं?

हे वाक्य मला नवीन नाही. 2014 साली मी स्वतः निघाले तेव्हा ह्याच चिरंजीवांनी ते मला ऐकवलं होतं. तेव्हा मी त्रेसष्ट वर्षांची होते, शाळेतून निवृत्त होऊन पाच वर्षं झाली होती. न्यू जर्सीला लेकीकडे गेले होते, तिनेच इंटरनेटवरून सगळं जमवून दिलं. नातेवाईक मंडळींना आठवत असेलच, कारण तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मला वेड्यात काढलं होतं! परत आल्यावर फोटो दाखवले, गमतीजमती सांगितल्या. एक गोष्ट मात्र सांगितली नव्हती. ती आज लिहिते.

गावाचं नाव तोर्तुगेरो. 'तोर्तुगा' म्हणजे स्पॅनिशमध्ये कासव. कोस्टारिकाच्या कॅरिबियन किनाऱ्यावर, एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कालवे, अशा चिंचोळ्या पट्टीवर हे गाव वसलंय. तिथपर्यंत रस्ता जात नाही, शेवटी होडीच. पाऊस म्हणाल तर आपल्या कोकणापेक्षा जास्त, आणि त्याला चार महिन्यांचं बंधनही नाही. वाळू काळी. पहाटे झाडांवरून अशी डरकाळी येते की वाटावं वाघ आला. पहिल्या दिवशी मी अंथरुणात उठून बसले. ती माकडं निघाली! जेवणात भात आणि काळ्या घेवड्याची उसळ, सकाळी तेच दोन्ही एकत्र परतून. माझी काहीच अडचण झाली नाही. बरोबरची अमेरिकन मुलं चौथ्या दिवशी कंटाळली.

ह्या किनाऱ्यावर हिरवी कासवं अंडी घालायला येतात, हजारोंच्या संख्येने. पूर्वी इथे येईल ते कासव उलटं करून ठेवायचे, मांसासाठी आणि पोटाखालच्या कूर्चेसाठी. त्या कूर्चेचं सूप परदेशात फार महाग विकलं जायचं. फ्लोरिडाचे प्राणिशास्त्रज्ञ आर्ची कार 1950च्या दशकात इथे आले, कासवांच्या परांना धातूचे बिल्ले लावायला लागले. त्यांच्या पुस्तकामुळे काही मंडळी एकत्र आली आणि 1959 साली संस्था उभी राहिली. तिचं आजचं नाव सी टर्टल कॉन्झर्व्हन्सी. 1975 मध्ये तिथे राष्ट्रीय उद्यान झालं. बिल्ले लावायचं काम अजून चालूच आहे. म्हणजे जवळजवळ सत्तर वर्षांचा हजेरीपट! मी जन्मभर हजेरीपट भरले, पण एवढा जुना कुठल्या शाळेत पाहिला नाही.

आमचं काम रात्रीचं. आठ ते बारा, नाहीतर बारा ते चार. गडद कपडे घालायचे, बॅटरी लावायची नाही, अगदीच लागली तर लाल उजेडाची. मऊ वाळूतून काही मैल चालायचं. ओंडके आडवे पडलेले असतात, ते दिसत नाहीत, नडगीला लागले की कळतात. रणगाड्याच्या पट्ट्यासारखा माग दिसला की थांबायचं. कासव खड्डा खणत असतं. मागच्या परांचा ओंजळीसारखा आकार करून एकदा डावा, एकदा उजवा. एवढा अवजड प्राणी, आणि काम किती नाजूक! अंडी पडायला लागली की त्याला आजूबाजूचं फारसं भान राहत नाही. तेव्हा पाठीमागे पालथं पडून, मोजा घातलेला हात खड्ड्यात घालून अंडी मोजायची. साधारण शंभर-सव्वाशे भरतात. मग पाठीची लांबी मापायची, बिल्ल्याचे आकडे वाचायचे, नसेल तर नवीन बिल्ला लावायचा.

आमची प्रमुख तेवीस वर्षांची पोर होती. दुसऱ्याच रात्री मी उजव्या पराचा आकडा लिहिला आणि डाव्याचा विसरले. तिने सकाळी वही माझ्यापुढे धरली. काही बोलली नाही, फक्त रिकाम्या रकान्यावर बोट ठेवलं. पस्तीस वर्षं लाल शाई माझ्या हातात होती, त्या दिवशी समोरच्या बाकावर बसल्याचा अनुभव घेतला.

पाचव्या रात्री ओंडक्याला अडखळून पडले. गुडघा सुजला. मला रात्रीच्या कामावरून काढून दिवसाच्या कामावर दिलं. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. एवढे पैसे भरून आलो आणि लोकांना आपलंच ओझं झालं. दिवसाचं काम म्हणजे पिल्लं निघून गेल्यावर घरटं उकरायचं आणि आत काय राहिलं ते मोजायचं. फुटलेली टरफलं किती, न उबलेली अंडी किती, अर्धवट वाढलेली किती. वास असा की सांगता सोय नाही.

तर पहिल्याच घरट्याशी मी वाळूवर आडवी झाले, हात खांद्यापर्यंत आत घातला, आणि एकदम अण्णा डोळ्यांपुढे आले.

आमचं गाव बाणकोटच्या खाडीपासून फार लांब नाही. थंडीच्या दिवसांत आमच्या किनाऱ्यावरही कासवं यायची, ती ऑलिव्ह रिडले जातीची, आकाराने लहान. अण्णा पहाटे काठी घेऊन निघायचे, आणि मी त्यांच्यामागे. माग जिथे संपेल तिथे ते काठी वाळूत खुपसून बघायचे. काठी सहज आत गेली आणि टोकाला पिवळं लागलं की तिथे उकरायचं. असेच आडवे होऊन, खांद्यापर्यंत हात घालून. मी टोपली धरायची आणि मोजायची. मोजणं मला शाळेच्या आधी त्या टोपलीने शिकवलं. घरी उकडून खायचो. ती कितीही उकडली तरी पांढरं घट्ट होत नाही, ज्यांनी खाल्ली असतील त्यांना माहीत आहे. बाकीची अण्णा आठवड्याच्या बाजारात विकायचे. 1967 साली माझी एस.एस.सी.ची फी भरली ती त्याच पैशांतून. तेव्हा त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं, कायदाही नव्हता. वन्यजीव संरक्षण कायदा आला 1972 साली.

पुढे मी शिक्षिका झाले. वर्गात पर्यावरण शिकवताना 'कासवांची अंडी पळवणारे लोक' असं म्हणायची. 'लोक' म्हणायची. त्यातला एक माणूस माझा बाप होता आणि टोपली माझ्या हातात होती, हे कधी सांगितलं नाही.

तिथल्या वाळूत मी तशीच पडून राहिले. बरोबर गावातला एक म्हातारा होता, माझ्याच वयाचा असेल. त्याचं इंग्रजी आणि माझं इंग्रजी एकमेकांना बरं जमायचं. त्याला वाटलं गुडघा दुखतोय. मग मी त्याला सांगून टाकलं. देश सोडून, भाषा सोडून, ज्याला माझं आडनावही उच्चारता येत नव्हतं अशा माणसाला! तो हसला. म्हणाला, माझी आई कासवाचं मांस नारळाच्या दुधात शिजवायची, अजून चव जिभेवर आहे. तरुणपणी त्याने कासवं उलटी केली होती. मग पर्यटक यायला लागले, जिवंत कासव दाखवून पोट भरायला लागलं, आणि तो ह्या कामात आला. "रात्री कासव कुठे येणार हे ह्या मुलांना कोणी शिकवलं? आम्हीच." एवढं बोलून म्हणाला, मोज आता, ऊन चढतंय.

एकशे तेरा टरफलं निघाली, सात अंडी न उबलेली. लिहून घेतलं. त्या दिवशी एकही रकाना रिकामा ठेवला नाही.

आता नातीच्या वडिलांच्या प्रश्नाकडे येते. मी दोन आठवड्यांत किती काम केलं? त्या एवढ्या जुन्या वहीत माझ्या हातच्या थोड्याशा ओळी. विमानाचा धूर धरला तर हिशेब तोट्याचाच निघेल कदाचित. पण माझे पैसे त्या तेवीस वर्षांच्या पोरीच्या जेवणाखाण्याला, बिल्ल्यांना लागले, आणि ती पोर पूर्ण हंगाम तिथे होती. हे मला पटण्यासारखं वाटतं. जिथे पिल्लं हातात देऊन फोटो काढू देतात, माकडांना बाटलीने दूध पाजायला लावतात, तिथे मात्र जाऊ नये. जिथे दरवर्षीचे आकडे छापतात, कमी झाले तर तेही छापतात, तिथे जावं. ऑक्टोबर 2025 मध्ये हिरवं कासव जागतिक यादीत धोक्याच्या वर्गातून बाहेर आलं. पण तोर्तुगेरोच्या मंडळींनी, अनेक दशकं वाढत गेलेली त्यांची घरटी अलीकडे कमी होत आहेत, हेही छापलंच आहे. तेव्हा वही बंद करायची वेळ काही आलेली नाही.

चिरंजीव म्हणतील, मग कोकण काय वाईट? खरंच आहे. नाना फडणवीसांच्या वेळासला 2002 पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रच्या मंडळींनी काम उभं केलं, पुढे कासव महोत्सव सुरू झाला, गावकऱ्यांच्या घरी पाहुणे उतरायला लागले. आमचा पुतण्याही आता हंगामात पहाटे किनारा फिरतो. अंडी शोधायलाच, पण ती जपून कुंपणात पुरायला. नातीला मी सांगितलंय, आधी एक हंगाम त्याच्याबरोबर फीर, मग बाबांशी मी बोलते. पण मला अण्णांची आठवण काढायला कोस्टारिकापर्यंत जावं लागलं हेही तितकंच खरं. आमच्या किनाऱ्यावर मला ओळखणारे फार होते.

हे सगळं लिहून धाकट्या भावाला फोनवर वाचून दाखवलं. घराण्याचं नाव काढते म्हणून रागावेल असं वाटत होतं. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "लिही ताई. पण अण्णा अर्धी अंडी तशीच ठेवून, वर वाळू ओढून यायचे, तेही लिही."

मला तसं आठवत नाही. टोपली धरायला मी असायची, तो तेव्हा पाळण्यात होता. पण तो म्हणाला, म्हणून लिहिलं.