जागेवर ठीक, लोडवर दम

वळसंगहून सोलापूरला जाताना ओव्हरटेक करायला ॲक्सिलेटर दाबला की माझी टर्बो पेट्रोल गाडी झटके द्यायची. जागेवर इंजिन मात्र झकास चालायचं.

मिस्त्रींनी पेट्रोलच्या लाइनला प्रेशर गेज लावला. उभ्या गाडीत काटा बरोबर होता. "डॉक्टरसाहेब, चला, पळवून बघू," ते म्हणाले. जोरात पळवताच काटा खाली आला. टर्बो इंजिनात जादा हवा कोंबतो, त्या प्रमाणात पेट्रोलही जादा लागतं. शर्यतीच्या सुपरचार्जर गाडीत ते कमी पडलं, तर पिस्टनसुद्धा वितळतो. माझ्या गाडीचा पंप चांगला होता. फिल्टर तुंबला होता.

परत येताना मला एक शेतकरी काका आठवले. "चढाला छाती भरून येतीया, बसलं की बरं वाटतंय," असं ते आठवड्यापूर्वी सांगत होते. झोपवून काढलेला ईसीजी नॉर्मल आला, म्हणून मी पित्ताची गोळी दिली होती. मीही उभ्या गाडीचाच काटा पाहिला होता!

त्यांना लगेच बोलावून सोलापूरला स्ट्रेस टेस्टसाठी पाठवलं. ट्रेडमिलवर चालताना ईसीजी बदलला. अँजिओग्राफीत हृदयाची रक्तवाहिनी अरुंद निघाली. वाहिनी निम्म्याहून जास्त अरुंद झाली तरी बसल्याजागी रक्त पुरतं; श्रमात ते कमी पडतं.

श्रमाने छातीत दडपण येत असेल आणि थांबल्यावर जात असेल, तर नॉर्मल ईसीजीवर निर्धास्त राहू नका. डॉक्टरांना नेमकं हेच सांगा. बसल्याजागी दुखत असेल, घाम फुटत असेल, तर मात्र स्ट्रेस टेस्ट नको. तडक हॉस्पिटल गाठा.