नुसते उभे राहणे

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. बेडकांच्या वाटेला जाण्याचे मला काहीच कारण नव्हते. पण मृगाच्या पावसात आमच्या परसात भेक जमतात. कानडी शेजारी त्याला 'नेलगप्पे' म्हणतात, म्हणजे जमिनीवरचा बेडूक. त्यातला नर मादीला पाठीवरून अशी मिठी घालतो की तासन्‌तास सोडत नाही. उड्या मारणाऱ्या प्राण्याला हे कसे जमते, या कुतूहलाने मी ग्रंथालयात प्राणिशास्त्राची पुस्तके चाळली.

उत्तर असे की, स्नायूंतले सारे तंतू एका जातीचे नसतात. उडीचे तंतू शीघ्र. मज्जातंतूचा एक इशारा मिळताच ते झटका देतात आणि लगेच सैल पडतात. दुसरे 'टॉनिक' तंतू. एका इशाऱ्याला ते दादही देत नाहीत. इशारे येत राहिले की सावकाश ताठतात आणि मग ताण धरून ठेवतात. नराच्या मिठीच्या स्नायूंत हे तंतू असतात. हा फरक बराचसा मायोसिन या प्रथिनाचा. कूने या जर्मन शास्त्रज्ञाने १८६४ साली बेडकाच्याच स्नायूंवरून त्याला हे नाव दिले. त्याचे प्रकार अनेक. शीघ्र मायोसिन 'एटीपी' हे इंधन भराभर उडवते, संथ मायोसिन काटकसरीने वापरते.

मला खरी गंमत वाटली ती हिशेबाची. भौतिकशास्त्र म्हणते, वस्तू हलली नाही तर कार्य शून्य. स्नायूच्या खतावणीत मात्र नुसता ताण धरायलाही एटीपी नावे पडतेच.

माझे बाबा एकवीस वर्षे एका कापडदुकानात उभे आहेत. सकाळी दहा ते रात्री नऊ. त्यांनी पगारवाढ मागितली तेव्हा मालक म्हणाले, "गिऱ्हाईक नसताना नुसते उभेच तर असता!" रात्री आई त्यांच्या पोटऱ्यांना तेल चोळते. माणसाच्या पोटरीत भेकाचे टॉनिक तंतू नसतात, पण संथ तंतू भरपूर असतात. आपल्याला उभे ठेवतात ते तेच.

आमच्या परिव्ययलेखनात 'आयडल टाइम' म्हणून एक बाब असते : मजुरी दिली, उत्पादन नाही, असा वेळ. परीक्षेत मी तिची ठरलेली व्याख्या लिहीन. पण उद्या एखाद्या दुकानाचे पगारपत्रक माझ्या हाती आले, तर उभ्या माणसाचे तास मी त्या बाबीखाली टाकणार नाही.