तीन नंबरचा पिस्टन

फोंडा घाट चढताना गुरुजींच्या डिझेल गाडीनं दम सोडला. आधी टकटक, मग पांढरा धूर, शेवटी गेज स्टिक उडून बॉनेटखाली सगळीकडे ऑइल. टोचन करून गाडी कोल्हापुरात माझ्या गॅरेजला आली तेव्हा गुरुजी एवढंच म्हणाले, "मिस्त्री, पिस्टन गेल्या पावसाळ्यातच नवा टाकलाय हो."

कॉम्प्रेशन घेतलं. बाकीचे सिलिंडर २७-२८ बार दाखवत होते, तीन नंबर दहासुद्धा नाही. हेड उतरवलं तर त्या पिस्टनची एका बाजूची कड मेणासारखी ओघळलेली, वरची रिंग तिच्यातच गाडलेली. शुद्ध अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, पिस्टनचा मिश्रधातू त्याच्याही आधी. आतला जाळ मात्र दोन हजारांच्या वर जातो. तरी पिस्टन टिकतो, कारण खालून ऑइलचा फवारा त्याला गार ठेवतो आणि जाळ ठरल्या जागीच लागतो. यातलं काहीतरी बिघडलं होतं.

गुरुजींचा संशय पंपावरच्या भेसळीवर. माझ्याकडचा पोरगा रेडिएटरवर अडलेला. मी त्याला म्हटलं, "अरे, पाणी चौघांना तेच, डिझेल एकाच टाकीतलं, टर्बोची हवाही एकच. मग बाकीचे तीन ठणठणीत कसे?" दोष तीन नंबरच्याच घरचा हवा. म्हणजे खालचा ऑइल जेट, नाहीतर वरचा इंजेक्टर.

जेट तुंबला असता तर ऑइल जळून पिस्टनचा तळ काळा पडला असता, पिन निळी झाली असती. इथं तळ स्वच्छ, पिन चकचकीत. आणि वितळलं होतं ते बरोबर इंजेक्टरच्या एका भोकासमोर.

पंप-नोझलवाल्यानं इंजेक्टर बेंचवर लावला. भोकं मिलिमीटरच्या जेमतेम दहाव्या हिश्शाची. त्यातून डिझेलचं धुकं निघायला हवं. एका भोकातून सरळ धार निघत होती, आणि बंद केल्यावरही टोक टपकत होतं. ती धार पिस्टनच्या कडेवर आदळून तिथंच जळायची. घाटात लोड आला, की खेळ खलास.

पण मागच्या बिलात 'इंजेक्टर बदलला' असं स्वच्छ लिहिलेलं! इंजेक्टरवरचा कोड गाडीच्या कॉम्प्युटरमधल्या कोडशी ताडून पाहिला, जुळेना. कोड चुकला तर डिझेल थोडं कमीजास्त जातं, तेवढ्यानं पिस्टन वितळत नाही. पण नवा इंजेक्टर समजून पैसे घेतलेला हा माल जुना होता. अंगावर आधीच्या गाडीची काजळी तशीच. आजार बरोबर ओळखला होता, औषध भंगारातलं दिलं. मला याचाच जास्त राग आला.

बोअरला चिकटलेलं अ‍ॅल्युमिनियम कॉस्टिकनं उतरवलं, मग उद्यमनगरात मापं घेऊन स्लीव्ह मारून घेतली. वितळलेल्या कणांनी टर्बोची पाती चावली होती, तोही खर्च वाढला. उरलेले तिन्ही इंजेक्टर बेंचवर तपासूनच परत बसवले.

तुमच्या गाडीवर ही वेळ आली, तर गॅरेजमधून दोन गोष्टी मागून घ्या: वितळलेला पिस्टन आणि चारही इंजेक्टरांचा टेस्ट रिपोर्ट. दोन्ही हातात पडेपर्यंत बिल चुकतं करू नका.